धागा तुटला की माग थांबला पाहिजे

कापडाच्या मागावर उभे धागे असतात, तो ताणा. त्यांच्यामधून धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा टाकत जातो, तो बाणा. साध्या कापडालाही दोन-तीन हजार उभे धागे सहज लागतात. आडवा धागा संपला तर बहुतेक यंत्रमाग आपोआप बंद पडतात. पण उभ्यांपैकी एखादा तुटला तर साध्या मागाला ते कळतच नाही. तो खटखट चालूच राहतो. तुटलेलं टोक शेजारच्या धाग्यांत गुंततं, आणखी दोन-चार धागे तोडतं आणि कापडावर बोटभर जाळी पडते. चार, सहा, कधी आठ मागांवर फिरणारा विणकर तिथे पोचेपर्यंत हातभर कापड वाया गेलेलं असतं. तो माल मग सेकंडमध्ये जातो.

व्यवस्थापनावर एका कवीनं बोलावं, असं आकाशवाणीतल्या मंडळींना का वाटलं ते मला ठाऊक नाही. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. पण मी वाढलो यंत्रमागांच्या गल्लीत. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे बारा माग चालत आणि त्या आवाजात आम्ही अभ्यास करायचो, झोपायचो. माग बंद पडले की जाग यायची. वीज गेली असेल किंवा संप झाला असेल, हे अंथरुणातच कळायचं. उद्योगात नवी कल्पना येते कुठून, आणि आली तरी रुजते का, हा प्रश्न मला पुस्तकातून नव्हे, त्या खटखटीतून पडला. इंग्रजीतल्या इनोव्हेशनला आपण नवकल्पना, नवनिर्मिती असे भारदस्त शब्द केले आहेत. आमच्या गल्लीत त्याला 'डोकं चालवणं' म्हणत. आणि डोकं चालवलेलं मालकाला आवडत नाही, हेही गल्लीत सगळ्यांना माहीत असे.

एका तुटक्या धाग्यापासून सुरू झालेली एक गोष्ट मात्र फार लांबवर गेली. ती जपानची आहे.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७चा, खेड्यातल्या सुताराच्या घरातला. आई हातमागावर विणायची. मुलगा बापाकडून सुतारकाम शिकला आणि आईचे कष्ट बघत मागात सुधारणा करायच्या नादी लागला. दोन्ही हातांनी चालवायचा माग एका हातानं चालवता येईल अशी रचना त्यानं केली आणि १८९१मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पाचेक वर्षांत यंत्रमागही बनवला. पुढची जवळजवळ तीस वर्षं तो त्याच एका वस्तूच्या मागे लागलेला दिसतो. अखेर १९२४मध्ये, मुलगा किइचिरो याच्या साथीनं, त्यानं 'जी' नावाचा स्वयंचलित माग पुरा केला. धोट्यातली कांडी संपत आली की वेग कमी न करता हा माग आपणच धोटा बदलायचा. आणि उभा असो की आडवा, धागा तुटला की आपणच थांबायचा.

या थांबण्यात काय विशेष, असं कुणीही विचारील. यंत्र चालण्यासाठी असतं, थांबण्यासाठी नव्हे. पण जरा विचार करा. माग स्वतःहून थांबत नसेल तर विणकराचं सगळं लक्ष धागा कुठे तुटतोय यावर राखण ठेवण्यात जातं. तो मागाचा रखवालदार होतो. माग थांबायला शिकला की माणूस या राखणीतून सुटतो. एक माणूस डझनावारी माग बघू शकतो, आणि माग थांबला की तिथे जाऊन धागा का तुटला याचा शोधही घेऊ शकतो. सूत कच्चं होतं का, खळ कमी पडली का, फणीची एखादी काडी वाकली का? आपणहून थांबणाऱ्या मागानं माणसाला विचार करायला सवड दिली.

जपानी भाषेत आपोआप चालण्याला जो शब्द आहे, तो टोयोटाची मंडळी एका अक्षरात फरक करून लिहितात. 'हलणे' या अर्थाच्या चिन्हाला 'माणूस' हे चिन्ह जोडलं की त्याचा अर्थ होतो 'काम करणे'. उच्चार तोच राहतो, जिदोका. डोळ्यांना मात्र त्या शब्दात एक माणूस उभा दिसतो. मी शब्दांत रमणारा माणूस, त्यामुळे यंत्राआधी मला हे अक्षर आवडलं.

या मागाचे हक्क १९२९च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं घेतले. करार एक लाख पौंडांचा होता. ज्या लँकेशायरनं आपल्या हातमागाचं कंबरडं मोडलं, त्याच मुलखातल्या कंपनीला एका सुताराच्या पोराकडून मागाची अक्कल विकत घ्यावी लागली. (हे वाक्य मी थोड्या आनंदानं लिहितो आहे, हे कबूल.) पुढच्याच वर्षी साकिची वारले. मुलानं १९३३मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग काढला आणि १९३७मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

आता माग आणि मोटार यांना जोडणारा माणूस. ताइइची ओनो १९३२मध्ये टोयोडांच्या सूतगिरणीत नोकरीला लागले आणि १९४३मध्ये मोटारीच्या कारखान्यात आले. मागाच्या खात्यात एक माणूस कित्येक माग बघतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. इथे एकेका यंत्राशी एकेक माणूस नुसता उभा. तुटक्या धाग्याची अक्कल मोटारीत कशी आणायची, हा त्यांचा प्रश्न होता.

मोटारीच्या कारखान्यात गाडी पट्ट्यावरून सरकत जाते आणि दुतर्फा उभी माणसं आपापला भाग बसवतात. हेन्री फोर्डपासूनचा नियम असा की पट्टा थांबता कामा नये. थांबला तर शेकडो माणसं रिकामी उभी, मिनिटाला किती नुकसान याचा हिशेब साहेबाच्या टेबलावर. त्यामुळे एखादा बोल्ट वाकडा बसला, दार नीट लागलं नाही, तरी गाडी पुढे ढकलायची. शेवटी दुरुस्तीखातं बघून घेईल. ओनोंनी हे उलटं केलं. पट्ट्याच्या कडेनं, कामगाराच्या हाताला येईल अशी दोरी बांधली. काही चुकतंय असं वाटलं की त्यानं ती ओढायची. वर फलकावर त्या जागेचा दिवा लागतो. या फलकाला ते आंदोन म्हणतात, मूळ अर्थ कागदी कंदील. दिवा लागला की गटाचा प्रमुख धावत येतो. गाडी ठरल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली तर पट्टा चालूच राहतो, नाही तर थांबतो.

दोरी काही महागाची वस्तू नाही. तिच्यामुळे एक हक्क वरून खाली आला. सगळा कारखाना थांबवण्याची जी ताकद एरवी सगळ्यात मोठ्या साहेबाकडे असते, ती सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर टांगून ठेवली. आणि ओढली म्हणून त्याला कुणी रागवायचं नाही, आभार मानायचे. हा दुसरा भाग पहिल्याहून अवघड. साहेब म्हणवणाऱ्या कुणालाही विचारून बघा.

पट्टा थांबल्यावर करायचं काय, याचीही ओनोंनी शिस्त लावली होती. पाच वेळा 'का' विचारायचं. त्यांनी स्वतःच दिलेलं उदाहरण साधं आहे. यंत्र बंद पडलं. का? फ्यूज उडाला. का? भार जास्त झाला, कारण बेअरिंगला तेल पोचत नव्हतं. का पोचत नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती म्हणून धातूचा चुरा आत जात होता. पहिल्या प्रश्नाशी थांबणारा माणूस फ्यूज बदलून घरी जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच काम करतो. पाचव्यापर्यंत जाणारा एक गाळणी बसवतो. यात विज्ञान फारसं नाही. पाच वेळा 'का' विचारायला मोकळीक आणि वेळ लागतो, तो कुणी द्यायचा, हा कारखान्याच्या घडणीचा प्रश्न आहे.

इथे आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगतो. एका खात्यात एक जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणत असू. शिक्षण तिसरी-चौथी, पण मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे. त्या खात्यात कांड्या भरायचं यंत्र दरवाज्याशी, मालकाच्या गादीजवळ होतं. कांड्या पोचवणारी पोरं दिवसभर खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत. कांडी वेळेवर आली नाही की माग रिकामा उभा. चाचांनी एक दिवस पावलं मोजली. यंत्र मधोमध हलवलं तर पळापळ निम्मी होईल, हे त्यांनी मालकाला सांगितलं. मालक म्हणाले, ''मिस्त्री, तुम्हाला मी माग दुरुस्त करायला ठेवलंय, पावलं मोजायला नाही.''

मालक मूर्ख नव्हते. यंत्र दरवाज्याशी होतं कारण तिथून त्यांना सूत दिसायचं. सूत चोरीला जाईल ही भीती त्यांना मागाच्या खोळंब्याहून मोठी वाटत होती. ज्या खात्याची मांडणीच संशयावर केलेली आहे, तिथे सोयीची सूचनासुद्धा उद्धटपणा ठरते. चाचा त्यानंतर कैक वर्षं त्याच खात्यात होते. आवाज ऐकून बिघाड सांगायचे. दुसरं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

टोयोटात असे चाचा बोलू लागले ते कुणाच्या चांगुलपणामुळे नव्हे. त्यामागे एक कडवट इतिहास आहे. युद्धानंतर कंपनी बुडायच्या बेताला आली होती. १९५०मध्ये कामगारकपात आणि मोठा संप झाला, दीड हजाराहून अधिक माणसं घरी गेली आणि किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावं लागलं. त्या तडजोडीतून पुढे एक समज पक्की झाली. जे राहिले त्यांना सहसा काढायचं नाही आणि त्यांनी कामात सुधारणा करत राहायचं. कोरियाच्या युद्धात अमेरिकी सैन्यानं ट्रक मागवले म्हणून कंपनी तरली, तेही खरं. पण ही समज लक्षात ठेवा. माझ्या सूचनेमुळे दोघांचं काम एकानं होणार असेल आणि दुसरा मीच असेन, तर मी सूचना कशाला देईन? नोकरीची शाश्वती ही आळसाची जननी, असं आपल्याकडे शिकलेली माणसं सहज बोलून जातात. इथे ती डोकं चालवण्याची पूर्वअट ठरली.

कामगारांच्या सूचनांची योजना टोयोटानं १९५१मध्ये सुरू केली आणि तिची प्रेरणा घेतली अमेरिकेतल्या फोर्डच्या कारखान्याकडून. कल्पना जपानी नव्हतीच. सूचनापेटी आपल्याकडेही असते. सरकारी कचेरीत दरवाज्याजवळ कुलूप लावलेली, किल्ली हरवलेली. फरक पेटीत नसतो. सूचना वाचतं कोण आणि किती दिवसांनी, त्यात असतो. टोयोटात ती आधी वाचायची तिच्या लगतच्या वरिष्ठानं, आणि आपल्या माणसांकडून सूचना येतात की नाहीत यावर त्याचीही पारख व्हायची. बहुतेक सूचना किरकोळ. हत्यार कुठे टांगावं, डबा किती उंचीवर ठेवावा. बक्षीसही बहुधा मामुलीच.

हे सगळं जपानी स्वभावाचं फळ आहे, आपल्याला काय जमणार, असं म्हणून विषय मिटवायची सोय पूर्वी होती. ती १९८४मध्ये गेली.

कॅलिफोर्नियात फ्रेमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. त्या कंपनीतल्या सर्वांत वाईट कारखान्यांत त्याची गणना व्हायची. कुठल्याही दिवशी शंभरांतले वीस कामगार गैरहजर. जे येत त्यांच्यातले काही कामावरच पीत. कंपनीवरचा राग काढायला गाडीच्या दारात रिकामी बाटली टाकून पत्रा बसवत, म्हणजे गिऱ्हाईक जन्मभर खडखड ऐकत बसेल. पट्टा मात्र कधीच थांबायचा नाही. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे जायची आणि आवारात दुरुस्तीसाठी रांगा लागायच्या. १९८२मध्ये कंपनीनं तो बंद केला.

दोन वर्षांनी तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्सनं भागीदारीत पुन्हा उघडला. नाव लांबलचक होतं, सगळे त्याला नुम्मी म्हणत. चालवायचा टोयोटानं. गंमत अशी की युनियन तीच राहिली आणि कामगारही बहुतेक जुनेच, त्याच बाटल्या टाकणाऱ्यांतले, परत घेतले. त्यांतल्या काहीशे जणांना गटागटानं जपानला नेऊन तिथल्या पट्ट्यावर उभं केलं. तिथे त्यांनी एक अजब गोष्ट पाहिली. काम अडलं की शेजारचा माणूस विचारायचा, मदत करू का? आणि दोरी ओढली तर साहेब ओरडत नव्हता.

फ्रेमाँटला परतल्यावर तीच मांडणी झाली. लहान लहान गट केले, कामाच्या कितीतरी वेगवेगळ्या श्रेणी होत्या त्या मोडून मोजक्याच ठेवल्या, साहेब आणि कामगारांची कँटीन एक केली, गाड्या लावायच्या राखीव जागा काढून टाकल्या. गैरहजेरी विसावरून दोन-तीन टक्क्यांवर आली. थोड्याच काळात तिथून निघणाऱ्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्याच्या तोडीचा झाला. यंत्रं काही फार आधुनिक नव्हती. त्याच दशकात जनरल मोटर्स आपल्या इतर कारखान्यांत यंत्रमानवांवर अब्जावधी डॉलर घालत होती आणि त्यातून फारसं काही हाती लागत नव्हतं.

खरी परीक्षा झाली १९८८मध्ये. गाड्या खपेनात, कारखान्याची बरीचशी ताकद पडून राहिली. अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे आता माणसं घरी जाणार होती. पण कुणालाच काढलं नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षणात आणि सुधारणांच्या कामात गुंतवलं. दिलेला शब्द पाळला जातो, हे कामगारांना भाषणांपेक्षा त्या मंदीत पटलं असणार.

मग जनरल मोटर्सनं हे सगळीकडे का नेलं नाही? प्रयत्न झाला. त्याच राज्यात व्हॅन नाइस इथल्या कारखान्यात गट केले, दोऱ्या बांधल्या. पण तिथल्या माणसांना जपानला कुणी नेलं नव्हतं, आणि व्यवस्थापकांची किंमत अजूनही दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावरच ठरत होती. अशा व्यवस्थापकाच्या देखत दोरी कोण ओढणार? जुन्या कामगारांनाही आपली श्रेणी आणि ज्येष्ठता जाईल ही भीती होती. तो कारखाना १९९२मध्ये बंद पडला. नुम्मीत तयार झालेले अधिकारी कंपनीत विखुरले गेले आणि बहुतेक जागी एकटे पडले. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आदर्श कारखाना पंचवीस वर्षं तिच्या स्वतःच्या घरात होता.

याच जातीची एक गोष्ट कोडॅकची. तिथे स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्यानं १९७५मध्ये जगातला पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. वरिष्ठांनी पाहिलं, कौतुकही केलं आणि बाहेर बोलू नकोस म्हणाले. कारण कंपनी फिल्मवर जगत होती. प्रत्येक खात्याचा नफा, प्रत्येक साहेबाची बढती फिल्मशी बांधलेली. डोकं चाललं होतं, पण चाललेल्या डोक्याला घर नव्हतं. कंपनी २०१२मध्ये दिवाळखोरीत गेली. जास्त सांगत नाही, कारण कोडॅकनं पुढे डिजिटलमध्ये पैसा घातलाच नाही असं नाही. पण पहिल्या वर्षांतली ती चूप बसवणी मला चाचांच्या पावलांची आठवण करून देते.

टोयोटाची आरती ओवाळायचा माझा हेतू नाही. २००९-१०मध्ये तिच्या लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ॲक्सिलरेटर अडकून गाडी पळत सुटण्याच्या तक्रारी होत्या. अमेरिकी संसदेच्या समितीसमोर अध्यक्ष अकिओ टोयोडा, म्हणजे साकिचींचे पणतू, यांनी २०१०मध्ये कबूल केलं की माणसं घडवण्याच्या वेगापेक्षा कंपनीच्या वाढीचा वेग जास्त झाला. ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणी कंपनीनं २०१४मध्ये एक अब्ज वीस कोटी डॉलर दंड भरला. धागा तुटला की थांबायचं, हे शिकवणाऱ्यांनीच तुटका धागा झाकला होता. आपल्या शेजारी, बंगळुरूजवळच्या बिदडीला टोयोटा आणि किर्लोस्कर यांचा भागीदारीतला कारखाना आहे. तिथेही २०२०च्या नोव्हेंबरात संप आणि टाळेबंदी झाली, आणि कामाचा वाढवलेला वेग ही कामगारांची एक मुख्य तक्रार होती. दोरी हातात आहे, पण ती ओढायला उसंत नाही, अशी स्थिती कुठेही येऊ शकते.

किर्लोस्करांचं नाव निघालं म्हणून सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. त्यांनी चिकाटी धरली, कारण कारखाना त्यांचाच होता. किती काळ थांबायचं ते दुसऱ्या कुणी ठरवायचं नव्हतं. हा मुद्दा आपल्या यंत्रमागांना फार लागू पडतो.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४मध्ये बसवला. म्हणजे साकिची अजून आपल्या मागाशी झुंजत होते तेव्हा आपल्याकडे माग आला होता. मग उभा धागा तुटल्यावर थांबणारा माग आपल्या गल्लीत का आला नाही? केंद्र सरकारनं २०१७मध्ये पॉवरटेक्स नावाची योजना काढली. तिच्यात साध्या मागांना जी जोडसाधनं बसवायला अनुदान होतं, त्यांत धागा तुटल्यावर माग थांबवणारी साधनंही होती. १९२४ची अक्कल २०१७मध्ये अनुदानावर!

कारागीर कमी पडले असं मी मानत नाही. चाचांसारखे गावोगाव होते. कारण धंद्याच्या घडणीत आहे. आपल्याकडचे पुष्कळ मागवाले खर्चीवाले असतात. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मागवाल्याला मिळते ती विणायची मजुरी, तीही पिकावर. पीक म्हणजे इंचात बसणारे आडवे धागे. कामगाराची मजुरीही त्याच हिशेबानं मीटरवर. आता धागा तुटल्यावर माग थांबला तर काय होईल? कापड चांगलं निघेल, त्याचा जास्तीचा भाव व्यापाऱ्याला मिळेल. माग जेवढा वेळ उभा राहील तेवढी मजुरी कामगाराची बुडेल. आणि साधन बसवायचा खर्च मागवाल्यानं करायचा. तिघांपैकी ज्यानं खर्च करायचा त्याला फायदा नाही आणि ज्याला फायदा त्याचा खर्च नाही. शिवाय कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहावा म्हणून एकाच कुटुंबाचे माग चार नावांवर वाटलेले. सहा-आठ मागांच्या खात्यात प्रयोग कोण करणार आणि फसला तर कोण सोसणार? असा धंदा स्वस्त राहतो आणि आहे तिथेच राहतो.

गेल्या वीसेक वर्षांत चित्र काही ठिकाणी बदललं. धोट्याविना चालणारे रेपिअर आणि एअरजेट माग आले. एअरजेट माग टोयोटाच्याच घराण्यातली जुनी मागाची कंपनी आजही बनवते. धागा तुटला की ते क्षणात थांबतात आणि वरचा दिवा लागतो. मी अशी काही खाती पाहिली. दिवा लागला की कामगार धावत येतो, गाठ मारतो, बटण दाबतो. का तुटला, हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. यंत्र आलं, पण पाचातला पहिलाच 'का' त्याच्याबरोबर आलेला नाही.

एका ठिकाणी वेगळं दिसलं. मालक तरुण, माझ्या एका मित्राचा मुलगा. त्यानं भिंतीला एक वही टांगली आहे. दिवा लागला की कामगारानं त्यात मागाचा नंबर, बीमचा नंबर आणि धागा कुठे तुटला एवढंच लिहायचं. आधी कुणी लिहीना. माग उभा राहिला की मजुरी बुडते, वर लिहीत कोण बसणार? मग त्यानं ठरवलं की लिहिलेल्या प्रत्येक थांब्याची मजुरी धरायची. महिन्याभरात वही भरली आणि कळलं की निम्म्याहून जास्त तुटी एकाच ठिकाणच्या सुताच्या आहेत. वही घेऊन तो सूतवाल्याकडे गेला. सूतवाला आधी हसला, मग पानं उलटू लागला. पुढचा माल बदलून मिळाला. कांड्यांचं, पावलांचं हे सगळं मी त्या पोराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ''काका, ते मिस्त्री आत्ता असते तर मी वही त्यांच्याच हातात दिली असती.''

मात्र ही वही तो स्वतःच्या कापडापुरतीच ठेवतो. त्याच खात्यात पलीकडच्या बाजूला सहा माग व्यापाऱ्यासाठी मजुरीवर चालतात. तिथे वही का नाही, असं विचारलं, तर म्हणाला, ते सूत आपलं नाही.